आजोबा एकदाच आमदार होते, त्यांचं चरित्र कसं लिहू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे आजोबा १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीकडून दक्षिण कोकणातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातून, आमदार झाले. १९६२ ला पडले आणि पुन्हा उभे राहिले नाहीत. माळ्यावर त्यांची एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात पोस्टकार्डं, थोडी कात्रणं, दोन खिशातल्या डायऱ्या. तुम्हाला त्यांचं चरित्र लिहायचंय. पण गावातले एक काका म्हणाले, "एकदाच तर निवडून आले, पाच वर्षांचं काय लिहिणार?" आणि तेव्हापासून तुम्हालाही वाटतंय की सगळं पंचवीस पानांत आटपेल.

गेली वीसेक वर्षं मी कोकणातल्या माजी लोकप्रतिनिधींची छोटी चरित्रं आणि जन्मशताब्दीच्या स्मरणिका संपादित करते. त्यातले बहुतेक जण एकाच टर्मचे होते, त्यामुळे तुमची भीती माझ्या ओळखीची आहे. माझ्या मते अडचण मजकुराची नाही. पाच वर्षं मधोमध ठेवून बाकीचं आयुष्य त्यांच्या पुढेमागे चिकटवायचं, असा आराखडा तुमच्या डोक्यात बसलाय. तो बदलला की ट्रंक बोलायला लागेल.

आधी 'एकच टर्म' म्हणजे काय ते तपासून घ्या, कारण ते सालावर अवलंबून असतं. १९७२ ला निवडून आलेल्या आमदारांना आणीबाणीमुळे जवळजवळ सहा वर्षं मिळाली. १९७८ ला आलेल्यांची विधानसभा १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झाली, त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षं आली. विधान परिषदेच्या सदस्याची मुदत सहा वर्षांची. कोणी पोटनिवडणुकीत आलेला असतो, कोणाची निवड कोर्टात अडकते, कोणाला पुढच्या वेळी तिकीटच मिळत नाही. या सगळ्यांना लोक एकाच सुरात 'एकदाच आमदार होते' म्हणतात.

तुमच्या आजोबांची टर्म तर आणखी वेगळी आहे. ते निवडून आले ते द्विभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेवर. त्या सभागृहात ३९६ सदस्य होते, मराठी आणि गुजराती एकत्र. १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा त्यातले २६४ महाराष्ट्राकडे आले आणि १३२ गुजरातकडे गेले. म्हणजे एकदाच निवडून येऊन ते दोन राज्यांच्या विधानसभेत बसले. कागद शोधताना याचा फार उपयोग होतो. १९६० च्या एप्रिलपर्यंतची कार्यवाही 'मुंबई विधानसभा' या नावाखाली बघायची, पुढची 'महाराष्ट्र विधानसभा' म्हणून. मी अशी माणसं पाहिली आहेत की ज्यांनी फक्त महाराष्ट्राचे खंड चाळले आणि 'आमचे वडील सभागृहात फारसं बोलले नाहीत' असं ठरवून टाकलं. त्यांची पहिली तीन वर्षं दुसऱ्याच कपाटात होती.

आणखी एक बारीक गोष्ट सांगते, मुखपृष्ठ करताना लागेल. आजचं नरिमन पॉइंटचं विधान भवन १९८१ चं आहे. आजोबा तिथे कधी सदस्य म्हणून बसले नाहीत. त्यांचं सभागृह म्हणजे रीगल सिनेमाजवळचं जुनं कौन्सिल हॉल, जिथे आता पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. तेव्हा नव्या इमारतीचा फोटो छापू नका.

आता पराभवाबद्दल. तुमच्या लिहिण्यात तो एका ओळीत उरकलाय, 'पुढील निवडणुकीत अपयश आले' असा. मला वाटतं, चरित्राचा सगळ्यात महत्त्वाचा भाग तिथेच दडलाय. १९५७ ला कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात लोकांनी समितीला मतं दिली ती मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा म्हणून. ती मागणी पुरी झाली. समितीतले पक्ष वेगवेगळ्या वाटांनी गेले, प्रजा समाजवादी बाहेर पडले, आणि १९६२ ला काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. ज्या कामासाठी निवडून दिलं ते काम झालं आणि त्यामुळेच मतांचं कारण संपलं, असं राजकारणात क्वचित घडतं. लोकसभेतही तेच दिसतं. १९५७ ला देशभरात जनसंघाला ४ जागा मिळाल्या, त्यातली एक रत्नागिरीची होती, प्रेमजीभाई आसर यांची. पुढच्या निवडणुकीत तिथे काँग्रेसच्या शारदा मुखर्जी आल्या.

पण लाट ओसरली एवढं लिहून थांबू नका, कारण सगळे पडले नाहीत. प्रजा समाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै राजापूरमधून लोकसभेवर १९५७, १९६२ आणि १९६७, तिन्ही वेळा निवडून आले. म्हणजे व्यक्ती, पक्षाची बांधणी, समोरचा उमेदवार, मतविभागणी यांनी फरक पडत होता. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल पहिल्या निवडणुकीपासूनचे उपलब्ध आहेत. त्यात मतदारसंघवार उमेदवार, पक्ष आणि मतं मिळतात. आजोबांची १९५७ आणि १९६२ ची मतं शेजारी शेजारी मांडा. एका चरित्राच्या वेळी मी असं मांडलं तेव्हा दिसलं की आमदारांची स्वतःची मतं फारशी घटली नव्हती, जुन्या सोबत्याने वेगळं उभं राहून उरलेली नेली होती. घरच्यांनी साठ वर्षं जपलेली 'लोकांनी नाकारलं' ही सल त्या दोन आकड्यांनी उतरली. तुमच्याकडे उलटंही निघू शकेल. मतं खरंच घसरली असतील तर तेही लिहायचं. आणि हो, मतदारसंघाचं नाव तपासा. हद्दी अनेकदा बदलल्या. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, २००८ च्या पुनर्रचनेत मालवण, वेंगुर्ला, देवगड ही नावंच मतदारसंघांच्या यादीतून गेली. आजच्या नकाशावर १९५७ चा मतदारसंघ बसत नाही.

सभागृहातल्या कामाकडे येऊ. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या हातात तेव्हा काय होतं? आमदार निधी नव्हता. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, त्याआधी लोकल बोर्ड होतं. रस्ता, पूल, बंधारा मंजूर करणं त्याच्या हातात नव्हतं. त्याच्याकडे होता प्रश्न. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकितला लेखी उत्तर मिळतं. अर्थसंकल्पावर कपात सूचना देऊन, म्हणजे एखाद्या खात्याची रक्कम कमी करा असं सुचवून, आपल्या तालुक्याचं गाऱ्हाणं मांडता येतं. मंत्री नसलेल्या सदस्याचा, म्हणजे अशासकीय, ठराव आणता येतो. मंत्र्याने 'विचार करू, चौकशी करू' म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं. म्हणून आजोबांनी काय 'केलं' हे शोधण्याआधी त्यांनी काय 'विचारलं' ते शोधा. विधिमंडळाच्या ग्रंथालयात अर्ज करून कार्यवाही वाचता येते. इंग्रजी नोंदींत आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन प्रकारे येतं आणि घरातलं 'भाऊ', 'आप्पा' तिथे कुठेच नसतं. कागदोपत्री नाव, वडिलांचं नाव आणि आद्याक्षरं सोबत लिहून न्या.

एका माणसाने मांडलेला एक ठराव किती लांब जातो, याचं आपल्याच कोकणातलं उदाहरण आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी त्यानुसार आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. पाणी मात्र कोणी भरू देईना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर सत्याग्रह केला तेव्हा पाठीशी हे दोन ठराव होते. बोले एकाच टर्मचे नव्हते, पण मला सांगायचंय ते इतकंच की सभागृहातली एखादी ओळ नंतर कुठे उगवते, ते पाच वर्षांच्या चौकटीत बघून कळत नाही. आजोबांच्या प्रश्नांचाही माग पुढे दहा-वीस वर्षं काढा.

इथे माझी एक चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. माझ्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकात मी एका माजी आमदारांबद्दल 'खाडीवरचा पूल त्यांनी बांधला' असं लिहिलं. सगळा गाव तसंच म्हणत होता. पुस्तक छापून आल्यावर एक निवृत्त मिस्त्री जुनं निविदेचं कात्रण घेऊन आले. पुलाची मंजुरी आधीच्या सदस्याच्या काळातली होती. त्या घरातल्या वृद्ध बाईंना माझ्या त्या वाक्याने फार लागलं होतं. मी जाऊन माफी मागितली आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवलं. तेव्हापासून मी क्रियापदं मोजूनमापून वापरते. मागणी केली, प्रश्न विचारला, पाठपुरावा केला, मंजुरी मिळाली, काम सुरू झालं, पूर्ण झालं. हे सहा वेगळे टप्पे आहेत, सहा वेगळ्या तारखा आहेत आणि बरेचदा सहा वेगळी माणसं. तुमच्या आजोबांचा वाटा त्यातल्या दोनच टप्प्यांत असेल तर दोनच लिहा. वाचणाऱ्याला ते जास्त पटतं.

आता ट्रंक. तुम्ही लिहिलंय की कार्डं 'लोकांची किरकोळ कामांची' आहेत म्हणून बाजूला ठेवली. कृपा करून ती परत काढा.

मला एका घरात अशीच सुतळीने बांधलेली कार्डं मिळाली होती. पाच नव्या पैशांची. त्यातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. पावसाने शाई पसरलेली, सुरुवात 'साहेबांस रामराम वि. वि.' अशी. मजकूर चार ओळींचा. पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा गावठी पूल, पुरात वाहून गेला, पलीकडच्या वाडीतली पोरं शाळेत येत नाहीत, परवा एका बाळंतिणीला डोलीत घालून चौघांनी कमरेएवढ्या पाण्यातून आणली, काहीतरी करावं. खाली डाव्या हाताचा अंगठा आणि लिहून देणाऱ्या मास्तरांची सही. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने आमदारांच्या हातचं 'लिहिले'. त्याखाली 'स्मरण'. त्याखाली 'स्मरण २'. इतर पुष्कळ कार्डांवर शेवटी 'झाले' होतं, या कार्डावर नव्हतं.

मी ती सगळी कार्डं जमिनीवर मांडली. आधी तारखेने, मग गावाने, मग कोपऱ्यातल्या शब्दाने. तीन वेळा मांडल्यावर त्या माणसाचा दिनक्रम दिसायला लागला. पावसाळ्यात साकव आणि दरडी, हिवाळ्यात खारबंदिस्तीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधांची, भगदाडं आणि शेतात शिरलेलं खारं पाणी, मार्चनंतर विहिरी, मे महिन्यात चाकरमान्यांच्या बोटीच्या तक्रारी. जुलैच्या कार्डांतले साकव पुढच्या अधिवेशनात एका तारांकित प्रश्नात एकत्र आलेले मला कार्यवाहीत सापडले. चार ओळींचा प्रश्न, तीन ओळींचं उत्तर. कार्डं नसती तर ती नोंद मी नजरेखालून घालून पुढे गेले असते. कार्डं होती म्हणून त्या चार ओळींत डोली दिसली.

ती कार्डं १९६२ नंतरही थांबलेली नव्हती. पत्त्यावर पूर्वीसारखंच 'आमदारसाहेब'. कोपऱ्यात पूर्वीसारखंच 'लिहिले', 'स्मरण'. फक्त आता लिहिलेलं असायचं ते नव्याने सुरू झालेल्या जिल्हा परिषदेला. पगार नाही, पद नाही, माजी आमदारांच्या पेन्शनचा कायदाही १९७६ चा, म्हणजे तोवर तेही नाही. हा माणूस स्वतःच्या पैशाने कार्डं आणून लोकांची कामं लिहीत होता. त्या गावातल्या एका आजींना मी विचारलं, पडल्यावर लोक कशाला जायचे त्यांच्याकडे? त्या म्हणाल्या, "तेंका कार्ड घातला काय उत्तर येयच." मी ते वाक्य पुस्तकात तसंच्या तसं ठेवलं, मालवणीतच. तुम्हीही लोकांचं बोलणं पुस्तकी करू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर टर्मचा नेमका काळ आणि सभागृह पक्कं करा, दोन निवडणुकांची मतं शेजारी ठेवा, आणि कार्डं व कार्यवाही एकमेकांवर ताडून बघा. कात्रणांसाठी सावंतवाडीचा 'वैनतेय' आणि रत्नागिरीची जुनी साप्ताहिकं बघा. मुंबईच्या दैनिकांत मोठ्या पुढाऱ्यांची भाषणं असतात, तालुक्याच्या सभेला किती माणसं होती आणि अध्यक्षस्थानी कोण होतं ते स्थानिक पत्रातच सापडतं.

एक साधन बहुतेक जण विसरतात. कोकणातल्या आमदाराचा निम्मा मतदारसंघ मुंबईत राहायचा. घरचा कर्ता पुरुष गिरणीत, लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीत, आणि मत गावाला बायकामाणसांचं. त्यामुळे प्रचाराची पहिली बैठक अनेकदा गावाऐवजी गिरणगावातल्या चाळीत व्हायची आणि तिथून गावी पत्रं सुटायची. तुमच्या गावाच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची जुनी इतिवृत्ताची वही कोणाकडे आहे का, विचारा. शाळेच्या इमारतीसाठी, रस्त्यासाठी कोणी किती वर्गणी दिली आणि आमदारांना कोणत्या सभेत बोलावलं, ते तिच्यात तारखेसकट मिळतं. मला अशी एक वही पिठाच्या डब्यात मिळाली होती, वाळवी लागू नये म्हणून ठेवलेली.

आठवणी सांगणारी माणसं आता ऐंशी-नव्वदीची असणार, म्हणून हे काम ग्रंथालयाच्या आधी करा. 'आजोबा कसे होते?' असं विचारू नका. उत्तर 'फार साधे' एवढंच येतं. दिवस धरून विचारा. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीने निदर्शनं केली. त्या दिवशी आजोबा कुठे होते, कोणाबरोबर गेले, जेवण कोणी बांधून दिलं? १९६० नंतर नागपूरच्या अधिवेशनाला कसे जायचे? बोटीने मुंबई आणि पुढे रेल्वे, तर बोट कोणत्या बंदरातून पकडायचे, बरोबर काय न्यायचे? १९६२ चा निकाल घरी कसा कळला, त्या रात्री चूल पेटली का? आजी तेव्हा काय म्हणाली? आमदारकीच्या पाच वर्षांत शेत कोणी सांभाळलं, मुलांच्या फीचं काय झालं, घरी रोज जेवायला किती पानं असायची, हे आजीच्या बाजूचं प्रकरण मला तुमच्या आराखड्यात कुठेच दिसलं नाही. एका टर्मचा खर्च बहुतेक वेळा घरातल्या बाईने फेडलेला असतो. त्याचे कागद नसतात, म्हणून तिच्या माहेरच्या आणि शेजारच्या माणसांना विचारा.

एक अधिकृत कागद मात्र हमखास मागवा. माजी सदस्य वारले की पुढच्या अधिवेशनात सभागृहात शोकप्रस्ताव येतो. त्यात जन्म, शिक्षण, तुरुंगवास, भूषवलेली पदं यांची छोटी नोंद असते. ती त्रोटक असते, कधी चुकीचीही, पण तारखांचा सांगाडा मिळतो.

मांडणीबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते. मी असते तर पुस्तक १९६२ च्या निकालानंतरच्या सकाळी सुरू केलं असतं. पडलेला आमदार, अंगणात बसलेला, आणि पोस्टमन नेहमीसारखी कार्डं घेऊन आलेला. तिथून मागे आंदोलनाकडे आणि सभागृहाकडे जायचं, मग पुढे शाळा, सोसायटी, खरेदी-विक्री संघ, जे काही त्यांनी नंतर केलं तिकडे. पण हे तुमच्या ट्रंकेत काय निघतं त्यावर आहे. कोपऱ्यात खुणा नसतील, १९६२ नंतरची कार्डं नसतील, तर ही सुरुवात ओढूनताणून करू नका.

कार्डं काढाल तेव्हा एवढी काळजी घ्या. सुतळी कापा, ओढू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, पोस्टाचा शिक्का वाचता येईल असे. पेन्सिलीच्या खुणांवर रबर किंवा ओलं फडकं फिरवू नका. लॅमिनेशन अजिबात नको. ज्यांनी आजारपण, कर्ज, घरातली भांडणं लिहिली आहेत त्यांची नावं छापताना वगळा, त्यांची नातवंडं गावातच आहेत.

आणि सगळी कार्डं शेवटपर्यंत वाचा, एकसारखी वाटली तरी. त्या साकवाचं दुसरं कार्ड मला गठ्ठ्याच्या अगदी तळाशी मिळालं, १९६२ नंतरचं, त्याच मास्तरांच्या अक्षरात. 'साकव झाला. पोरे येतात.' कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख होती आणि तिच्यापुढे 'झाले'.